मंगलची पिशवी परत आली

संपादकांचा फोन आला, "सिस्टर, दिवाळी अंकासाठी नोकरीतले गोड अनुभव लिहा." मी म्हटलं, गोड कुठून आणू? माझा अर्धा जन्म सिरक्यात गेला. मग म्हणाले, "बरं, आंबट लिहा. पण छापण्यासारखं लिहा." आता छापण्यासारखं काय आणि न छापण्यासारखं काय, ते त्यांनी बघावं. मी तर लिहून मोकळी होते. निवृत्त झाल्यापासून तसंही मला बसवत नाही. उभं राहवत नाही. नवरा म्हणतो, घरात पंखा आहे तेवढा पुरे, तू फिरू नकोस.

मी बीड जिल्ह्यात सरकारी नर्स होते. माझा आवाज मोठा. नेकनूरच्या बाजारात मी "अगं ए" म्हटलं की बीडच्या स्टँडवर एसटीत चढणाऱ्या बाया खाली उतरत, अशी माझी ख्याती. यातलं निम्मं खरं धरा. कोणतं निम्मं ते विचारू नका. हा आवाज ऐकूनच साहेबांनी मला शेवटची काही वर्षं धंदा करणाऱ्या बायांच्या वस्तीत तपासणीच्या कामाला लावलं. त्यांना वाटलं, ही बाई तिथं टिकेल. बाकीच्या सिस्टर पदर नाकाला लावून जात आणि तासाभरात डोकं दुखतंय म्हणून परत येत. मी गेले ती जेवूनच आले.

काम काय होतं ते सरळ सांगते. बाईच्या गर्भाशयाला आपल्याकडं पिशवी म्हणतात. त्या पिशवीला खाली तोंड असतं. त्या तोंडाचा कॅन्सर होतो, आणि तो होतो एका विषाणूमुळं. एचपीव्ही त्याचं नाव. पुरुषाच्या संबंधातून येतो. बहुतेक बायांच्या अंगातून तो आपसूक निघून जातो. एखादीच्या अंगात मात्र पाहुण्यासारखा येतो आणि जावयासारखा राहतो. वर्षानुवर्षं दुखत नाही, खुपत नाही, आणि आतल्या आत तोंड नासत जातं. वेळेत दिसलं तर जागच्या जागी शेकून बरं करता येतं. म्हणून बघायचं. टेबलावर झोपवायचं, आत उघडायचं यंत्र घालायचं, ज्याला आमच्या बायांनी 'बदक' नाव ठेवलं होतं. पातळ सिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा, बोळा लावायचा, मिनिटभर थांबायचं आणि बॅटरीच्या उजेडात बघायचं. पांढरा डाग उमटला तर शंका. नाही उमटला तर "ऊठ, चहा पी."

अशी मी इतकी तोंडं पाहिली की खऱ्या तोंडांची ओळखच राहिली नाही. एकदा वडवणीच्या स्टँडवर एक नटलेली बाई माझ्या गळ्यात पडली. "वळखलं न्हाई का सिस्टर?" मी म्हटलं, "तुझ्या चेहऱ्याकडं मी कधी बघितलंय ग?" अख्खी रांग हसली. कंडक्टरनं घंटी मारायचं सोडून दिलं.

शिबिर कधी लावायचं यातही अक्कल लागते. बाजाराच्या दिवशी नाही, कारण त्या दिवशी धंदा जोरात. सकाळी नाही, बाया झोपलेल्या. दुपारी अकरा ते दोन, केस वाळत असताना. गल्लीतल्या गॅरेजच्या मागच्या खोलीत टेबल टाकायचं आणि दारात मंगलला उभं करायचं.

मंगलबद्दल सांगायलाच हवं, कारण हे सगळं तिच्याचसाठी लिहितेय. ती नांदूरघाटाकडची. लग्न लवकर झालं, नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. तोडीला गेलेल्या बाईला पाळीचे चार दिवस परवडत नाहीत. कामावर खाडा पडला की मुकादम दंड लावतो. म्हणून आमच्या जिल्ह्यात कित्येक बायांनी तरणेपणीच पिशव्या काढून घेतल्या. कुणी सांगितलं पिशवी सडली, कुणी सांगितलं कॅन्सर होईल, कुणी काहीच न सांगता काढली. मंगलची चोविसाव्या वर्षी गेली. पुढं नवऱ्यानं दुसरी केली, एकुलता पोरगा सासूनं ठेवून घेतला आणि मंगल फिरत फिरत हमीदाआपाच्या घरात आली. हमीदाआपा त्या गल्लीतली सगळ्यात जुनी बाई. घर तिचं, शब्दही तिचाच.

मंगल दारात उभी राहिली की एक बाई सुटायची नाही. "ए सुमे, कुठं पळती? बदक काय गिळतंय का तुला? गिऱ्हाईक चालतं आन् बदक चालंना?" हात धरून आत ढकलायची. पण स्वतः? मी दर शिबिराला म्हणायचे, "मंगल, आता तू."

"माझी पिशवीच न्हाई सिस्टर. रिकाम्या घरात काय बघता, जाळी?"

"कधी कधी वरची पिशवी काढतात ग, खालचं तोंड ठेवतात. एकदा बघू दे."

"मंग पुढच्या टायमाला." आणि पुढची बाई आत ढकलायची. तिचं आणि माझं हे भांडण दर वेळी. बघणाऱ्यांना करमणूक. गल्लीत तिच्यासारख्या बिनपिशवीच्या आणखीही होत्या, आणि त्या मंगलच्या मागं लपायच्या. मंगलला न्हाई तर आमाला कावून?

मधे एका संस्थेनं पोरींसाठी लस आणली. मी खुशीत गल्लीत ओरडत गेले, आणि पहिली आडवी आली हमीदाआपाच. तिची नात शाळेत, सातवीत. आपा म्हणाली, "सिस्टर, हा आजार कशाचा हाय ते समद्यांना ठावं हाय. माझ्या पोरीला सुई दिली तर लोक म्हणतील, आपानं आत्तापासून तयारी केली. पोरीच्या कपाळावर लिहिल्यासारखंच झालं की."

"अहो आपा, ही लस लग्न होऊन जाणाऱ्या पोरींसाठी पण आहे. नवऱ्याकडून नाही का येत?"

"ते तुमी म्हनता. आन् मूल झालं न्हाई पुढं तर? मोबाइलवर आलं होतं, वांझ होतात."

"मोबाइलवर तर मी मेल्याचंही आलं होतं."

आपा हसली नाही. म्हणाली, "तुमच्या नातीला दिली?"

नव्हती दिली. दुसऱ्या आठवड्यात माझी नात आणि आपाची नात एकाच बाकावर बसल्या. माझी नात अशी किंचाळली की दवाखान्यातली तीन बाळं त्या आवाजानं वेळेआधी जन्मली. आपाच्या नातीनं डोळासुद्धा मिटला नाही. आपानं एवढंच विचारलं, "ही इंजिनियर होनार म्हनता ना? मंग आमची पन व्हईल."

गल्लीतल्या पोरी मला विचारायच्या, "आमाला कावून न्हाई टोचत?" मी सांगायचे, ही लस विषाणू यायच्या आधी घेतली तर खरी. आलेला विषाणू ती काढत नाही. तुमच्यासाठी बदकच. त्यावर मंगलनं विचारलं, "आन् गिऱ्हाइकांना? आनतंय तर त्योच. त्याला सुई कावून न्हाई?" मी म्हटलं, काही देशांत मुलांनाही देतात. "मंग हितं?" याचं उत्तर कुणाजवळ असेल तर संपादकांकडं पाठवावं.

तर एके दिवशी मी रिक्षातून उतरले, तर आपाच्या ओट्यावर ही गर्दी. मध्यभागी मंगल, हिरव्या साडीत, कपाळाला मळवट. बाया तिची ओटी भरत होत्या. कुणी तरी माझ्या तोंडात पेढा कोंबला.

"काय ग, कशाचा?"

"मंगलला पाळी आली!"

पेढा तोवर गिळून झाला होता. चौदा वर्षं पिशवी नसलेल्या बाईला पाळी. गल्लीत दोन पक्ष पडले होते. मंगलनं मागं घाटातल्या देवीला नवस बोलला होता, म्हणून निम्म्या बाया म्हणत होत्या देवीनं पिशवी परत दिली. आपानं तिच्यासाठी पीरबाबाला चादर चढवली होती, म्हणून बाकीच्या म्हणत होत्या बाबाची करामत. भांडण पिशवी आली का नाही यावर नव्हतंच. कुणी दिली यावर होतं.

मी मंगलला बाजूला ओढलं. "कधी आली?"

"आमुशाच्या आदल्या दिवशी. मंग चार दिसांनी परत. मंग परवा."

"अशी कशी ग वरचेवर?"

"चौदा वर्सांची साठलेली हाय की, सिस्टर!"

सगळ्या हसल्या. मी हळूच विचारलं, "गिऱ्हाईक गेल्यावर येते का?"

मंगलचं हसणं थांबलं. "तुमाला कसं कळलं?"

संबंधानंतर रक्त दिसणं, हे आम्हा लोकांना शिकवलेलं पहिलं वाईट लक्षण. मी तिथंच म्हटलं, "हे पाळीचं नाही. आत्ता टेबलावर चल." झालं! बाया माझ्या अंगावर आल्या. "सिस्टरला पाहवंना!" "एवढ्या वर्सांनी बाईचं चांगलं झालं तर हिचं सिरक्यावानी तोंड!" आपा म्हणाली, "सिस्टर, खुशीच्या घरात काळं बोलू नये." मंगल तर तोंड फिरवून बसली.

ओरडून काही होणार नाही हे मला कळलं. मग मी पदर खोचला, मळवट लावून घेतला, आणि सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणाले, "देवीनं दिली का बाबानं दिली ते ते दोघं बघून घेतील. पण केवढी दिली? पुरी दिली का अर्धी? दुकानातून पातेलं आणलं तरी आपण वाजवून घेतो. देवाच्या घरची वस्तू तशीच घ्यायची?"

बाया विचारात पडल्या. मंगलच्या डोळ्यांत चमक आली. "दिसंल का तुमाला?"

"मला नाही दिसणार तर कुणाला?"

वाजतगाजत आम्ही गॅरेजच्या मागच्या खोलीत गेलो. म्हणजे एक बाई ताट वाजवत होती आणि गॅरेजवाल्यानं हौसेनं हॉर्न दिला. पडदा ओढला. बाहेर अख्खी गल्ली कान लावून उभी. मंगल आयुष्यात पहिल्यांदा त्या टेबलावर चढली, आणि चढली ती ओटीतला नारळ हातात घेऊन.

मी बॅटरी लावली. सिरक्याची गरजच पडली नाही. तोंड होतं. आणि त्या तोंडावर फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी गाठ आली होती. कापसाचा बोळा नुसता टेकला तर रक्त.

"हाय का?" मंगलनं विचारलं.

"आहे."

"काय हाय?"

"तोंड आहे."

पडद्याबाहेर कुणी तरी किंचाळलं, "हाय म्हनली! सिस्टर हाय म्हनली!" आणि ताट, हॉर्न, हसणं, सगळं एकदम. मंगल टेबलावर पडल्या पडल्या रडत होती आणि हसत होती. माझा हात धरून म्हणाली, "मंग लेकरू व्हईल का हो? अडतीसच वय हाय माझं."

मी जन्मभर लोकांना थापा मारत आले. बाळंतिणींना, साहेबांना, नवऱ्याला. त्या वेळी एकही सुचली नाही.

हातमोजे काढले, स्टुलावर बसले आणि तिला सांगितलं. पिशवी म्हणजे घर, हे तिचं दार. तुझ्या डॉक्टरनं घर पाडलं आणि दार ठेवलं.

"मंग घर?"

"घर नाही मंगल."

बाहेर ताट चालूच होतं. "आन् रगत?"

"दाराला काही तरी लागलंय. तुकडा काढून तपासावा लागेल. उद्याच बीडला जायचं."

ती उठली, साडी नीट केली, नारळ कमरेवर घेतला आणि पडदा सारून बाहेर गेली. मला वाटलं, आता कोसळेल. ती म्हणाली, "हाय ग हाय! पन आत जरा काय तरी अडकलंय. बीडहून काढून आनते." आणि बायांना पेढे वाटायला लागली. थापा मारण्यात ती माझ्यापेक्षा सराईत निघाली.

बीडला डॉक्टर मॅडमनी तुकडा काढला. तरुण होत्या, कमी बोलायच्या. रिपोर्ट येईपर्यंत मी घरातली घासलेली भांडी पुन्हा घासली. ड्युटीवर एका बाळंतिणीला मंगल म्हणून हाक मारली. नवरा म्हणाला, "बस की जरा." बसले तर पाय हलायचे. रिपोर्ट आला: कॅन्सर. पण अजून आजूबाजूला पसरलेला नव्हता. मॅडम म्हणाल्या, "संभाजीनगरला पाठवा, लाईटची ट्रीटमेंट द्यावी लागेल. उशीर नको." किरणांच्या उपचाराला आमच्याकडं लाईट म्हणतात. हसण्यासारखं वाटतं, ज्याला घ्यावा लागत नाही त्याला.

जायच्या दिवशी मी स्टँडवर पोचले. हमीदाआपा पिशव्या घेऊन बसलेली. मंगल नाही. फोन बंद. एक गाडी गेली, दुसरी गेली. आपा म्हणाली, "पहाटेच निघाली घरातून. मला वाटलं तुमच्याकडं आली." मी गल्ली पालथी घातली, गॅरेज बघितलं, घाटातल्या देवीला माणूस पाठवला. माझ्या डोक्यात नको ते यायला लागलं. बाई विहिरीजवळ दिसली का, असं विचारायला जीभ उचलेना, पण विचारलं.

मग एकदम आठवलं, तिचं ऑपरेशन कुठं झालं ते तिनं कधीतरी सांगितलं होतं. तालुक्याच्या गावातला एक छोटा दवाखाना. रिक्षा केली. दवाखाना नव्हताच. तिथं मोबाइलचं दुकान झालं होतं. दुकानाच्या पायरीवर मंगल बसली होती. दुकानदार सांगत होता, "सकाळपास्नं बसलीय. डॉक्टर कुठं गेला इचारती. आमी काय सांगनार?"

मी शेजारी टेकले. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "एकच इचारायचं होतं त्याला. सारी काढायची न्हवती तर सारी ठेवायची होती. अर्धी कावून?"

समोरून ऊसतोडीच्या ट्रॅक्टरची रांग चालली होती. ट्रॉलीवर बोचकी, बोचक्यांवर बाया, बायांच्या मांडीवर पोरं. मंगल त्यांच्याकडं बघत होती. त्यातल्या किती जणींचं काय काय जागेवर असेल, असं माझ्या मनात आलं. तिच्याही आलं असावं.

"गेल्यावर वाचते का मी?"

"माहीत नाही. वेळेत गेलेल्या पुष्कळ वाचतात. तू वेळेत आहेस. आजपर्यंत तरी."

ती माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमाला बारीक आवाजात बोलता येतं व्हय?"

"येतं. पण सवय नाही. चल, गाडी जाईल."

शेवटची गाडी आम्ही कशी धरली ते विचारू नका. मी आडवी पडले रस्त्यात, असं मी सांगते. खरं म्हणजे ड्रायव्हरनं आम्हाला लांबूनच पाहिलं होतं.

मोठ्या दवाखान्यात आठवड्यांमागून आठवडे गेले. रुग्णाबरोबर कोण, असं विचारलं तेव्हा आपा म्हणाली, "बहीण." बुरख्यातली बहीण आणि कुंकवातली बहीण. तिथल्या माणसानं एकदा वर बघितलं आणि पुढं लिहिलं. मंगल आत गेली की आपा बाहेर तसबीह, म्हणजे त्यांची जपमाळ, ओढायची. मंगलला उलट्या व्हायच्या, अंग जळायचं, अन्न जायचं नाही. मी सुट्टीला गेले की मला म्हणायची, "काय तरी खोटंनाटं सांगा सिस्टर, येळ जाईना." मी सांगायचे. वडवणीत बिबट्यानं मला पाहून रस्ता बदलला ती गोष्ट तिथंच तयार झाली. वॉर्डातल्या बाकीच्या बायाही खाट सरकवून ऐकायच्या.

ती परत आली तेव्हा अर्धी झाली होती. हिरवी साडी तिच्यावर दोनदा गुंडाळता आली असती. गल्लीत आता पिशवी कुणी दिली यावर कुणी भांडलं नाही. पुढच्या शिबिराला मी टेबल मांडत होते, तर दारात पाच-सहा जणी उभ्या. मंगलच्या मागं लपणाऱ्या, बिनपिशवीच्या सगळ्या. कुणी बोलावलं नव्हतं. मंगलनं घर पाडून दार ठेवल्याचं सांगितलं होतं, तेवढंच. एक जण म्हणाली, "दार ऱ्हायलंय का बघा." दोघींचं राहिलेलं होतं. दोन्ही निर्मळ. मी बाहेर येऊन एवढ्या जोरात ओरडले की गॅरेजमधली एक गाडी आपोआप सुरू झाली. हे पूर्ण खरं धरा.

मी निवृत्त झाले. मंगलला मात्र दर तीन महिन्यांनी तपासणीला जावं लागतं. तिची तारीख आली की मी आदल्या दिवसापासून फोन उशाशी घेते, मग ओट्यावर, मग हातात. या वेळची तारीख आजच होती. हे लिहिताना सारखी उठत होते. दोन वाजता फोन यायला हवा होता. तीन वाजले. भाजी करपली. नवरा म्हणाला, "तूच लाव." मी म्हटलं, नाही, तिनंच लावायचा. सव्वातीनला वाजला.

"मंगल? काय म्हणाले ग?"

मागं दवाखान्यातला गोंधळ. लोखंडी खाटा, लहान मूल, लिफ्टची घंटी.

"ओ सिस्टर, माझं सोडा, माझं बरं हाय. काही न्हाई निघालं," मंगल ओरडत होती. "ऐका. एसटीत एक बाई भेटली, वडवणीकडची, तोडीवाली. पिशवी काढलेली हाय आन् रगत येतंय म्हनती. मी वढून आनलीय. आता हितं दारात बसलीय आन् आत जाईना. म्हनती, मला कुठं पिशवी हाय. मी सांगून सांगून दमले. तुमीच बोला."

फोन हातातून हातात गेल्याची खरखर आली. मग नुसता श्वास. फार तरुण वाटला.

मी उभी राहिले. घसा साफ केला, आणि हळू बोलायचं ठरवलं.

"काय नाव ग बाळा तुझं?"